जवारी

आवाज सुधारून देणारा माणूस पुण्यात कुठे भेटेल, असे मला कोणी विचारले, तर मी त्याला गवयाकडे पाठवणार नाही, की घशाच्या डॉक्टरकडेही पाठवणार नाही. मी त्याला सांगेन, गुलटेकडीला मार्केट यार्डात जा. गुळाच्या ढेपा आणि मिरच्यांची पोती ओलांडून, शिंका आवरत आवरत भुसार विभागाच्या मागच्या अंगाला जा. तिथे एका अरुंद गाळ्यात बिघडलेले तोलकाटे आणि फुटक्या आवाजाचे कर्णे यांच्या ढिगाऱ्यात एक मिस्त्री बसलेला दिसेल. त्याच्यापुढे तुमचा आवाज ठेवा.

ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल. जिथे पहाटेपासून लिलावाचा पुकारा, हातगाड्यांचा खडखडाट आणि हमालांच्या ‘चला, बाजूला’च्या आरोळ्या, तिथे आवाजाची पारख ती कसली? पण थोडे थांबून पाहा. सबंध बाजार कानांनीच तर चालतो! कलिंगडवाला फळावर टिचकी मारतो आणि आतला रंग सांगतो. नारळवाला नारळ कानाशी हलवून पाण्याचा अंदाज घेतो. शेंगांचा व्यापारी मूठभर शेंगा खुळखुळवून दाणा किती भरला आहे ते ओळखतो. आपण सभागृहात गाणे ऐकतो ते करमणुकीसाठी. ही माणसे ऐकतात ती पोटासाठी. पोटासाठी ऐकणारा कान सहसा चुकत नाही.

मी तिथे गेलो तो आमच्या दादाचा अँप्लिफायर घेऊन.

या अँप्लिफायरची जन्मकथा सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. त्या पुरात नारायण पेठेतल्या एका वाड्यात भलामोठा रेडिओग्राम गाळात बुडाला. तो वाडा म्हणजे वहिनींचे माहेर. पुढे दोन वर्षांनी दादाचे लग्न झाले, तेव्हा सासऱ्यांनी विचारले, “जावईबापू, काय हवं?” दादाने तो मेलेला रेडिओग्राम मागितला! मंडपात बराच वेळ कुजबूज चालली होती म्हणतात.

दादाने त्यातला ट्रान्सफॉर्मर काढला, कित्येक महिने उन्हात वाळवला, आणि बुधवार पेठेतून नि जुन्या बाजारातून एकेक वस्तू गोळा करून १९६५ साली अँप्लिफायर उभा केला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. माझे काम बॅटरी धरण्याचे. नकाशा होता मलार्ड या इंग्रज कंपनीने १९५० च्या दशकात हौशी लोकांसाठी छापलेला. त्याचे नावच ‘पाच-दहा’: पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. त्यावर रात्री तबकड्या लागत, आणि रविवारी दादा मांडीवर हवाईयन गिटार घेऊन बसे. त्या काळी व्हॅन शिप्ले यांच्या गिटारवर वाजलेली सिनेमाची गाणी घरोघर रेडिओवर ऐकू येत. दादाचे म्हणणे एकच असे: “तारेतून जे निघालं, तेच कर्ण्यातून आलं पाहिजे. मधल्या माणसानं आपलं काही घालू नये.” हे तो अँप्लिफायरबद्दल बोले, पण स्वतःही तसाच वागे. सरकारी कचेरीत तीस वर्षे त्याने मधला माणूस म्हणून काढली आणि स्वतःचे काही घातले नाही.

दादा गेल्यावर अँप्लिफायर मुका झाला. अलीकडे त्याच्या नातीने गिटार घेतली. मांडीवरची नव्हे, गळ्यात अडकवायची. तिने आजोबांचा अँप्लिफायर माळ्यावरून काढला. तो सुरू झाला, पण ‘हूं’ असा घुमत राहिला, आणि एक व्हॉल्व्ह पोटातून लालबुंद होऊ लागला. ती मला म्हणाली, “धाकटे आजोबा, हा दुरुस्त तर कराच, पण जरा बदलूनही घ्या. हा फार सज्जन आहे. मला थोडा चिडणारा हवाय.”

आता दुरुस्ती निराळी आणि बदल निराळा. पडकी भिंत पुन्हा बांधणे आणि भिंतीत नवी खिडकी पाडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वहिनींना विचारले तेव्हा त्या देवापुढची वात सारखी करीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भावोजी, ह्यांच्या हातचं आता दुसरं काय उरलंय?”

हे वाक्य बरोबर घेऊनच मी मार्केट यार्डात पोचलो.

मिस्त्रीने अँप्लिफायर उलटा केला, तळाचे झाकण काढले, आणि डावा हात खिशात घातला. मला ते उद्धटपणाचे वाटणार तोच तो म्हणाला, “काका, यात तीनशे व्होल्ट असतात. बटण बंद केलं तरी कंडेन्सर धरून ठेवतात. दोन्ही हात घातले, तर वीज या हातातून त्या हातात जाते, आणि मधे काळीज आहे.” मग त्याने एक रेझिस्टर टेकवून ती साठलेली वीज उतरवली, आणि पेन्सिलीच्या टोकाने पहिल्या व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली. कर्ण्याचा आवाज मी मागे ऐकला होता. पेन्सिलीची टिचकी ऐकून कलिंगडवाला आठवला. “ईएफ शहाऐंशी,” तो म्हणाला. “लई नाजूक कानाचा. चालू असताना टिचकी मारली, तर घंटेसारखा वाजतो. बाकीचे दणकट.”

तासाभरात रोगनिदान झाले. घुमणे होते ते वाळून गेलेल्या फिल्टर कंडेन्सरांचे. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, ते हेलकावे गुळगुळीत करण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. लाल होणारा व्हॉल्व्ह निर्दोष होता. त्याच्या आधीचा छोटा कंडेन्सर गळका झाला होता आणि नको ती वीज पुढे पाठवीत होता. “वरच्याचं पाप, खालच्याला ताप,” मिस्त्री म्हणाला. कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला हे निदान फोड करून सांगावे लागले नाही.

“आणि बदल?” मी विचारले.

त्याने एका बारीक तारेवर बोट ठेवले. ती कर्ण्याकडच्या शेवटच्या टोकापासून निघून थेट पहिल्या व्हॉल्व्हकडे परत जात होती. “तोलणाऱ्यानं माप केलं की आडत्याचा माणूस फेरतोल करतो ना? चूक दिसली की वजा. तसं हे. जो आवाज बाहेर पडतो, त्यातला थोडा उलटा करून पुन्हा पहिल्याकडं. चूक आपोआप वजा होते. तुमच्या भावानं फेरतोल कडक ठेवलाय. म्हणून आवाज स्वच्छ. पण असा अँप्लिफायर शेवटपर्यंत सरळ वागतो, आणि सोसवेना झालं की एकदम तुटतो. फेरतोल सैल केला, तर आधीपासून हळूहळू खरखरू लागेल. पोरीला ते पाहिजे.”

मी गप्प राहिलो. दादाचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका तारेत होते.

तसे पाहिले, तर नातीची मागणी काही जगावेगळी नव्हे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा दुकानदार; त्याचे अँप्लिफायर जगभर गेले. लंडनच्या बाजूला जिम मार्शल याने ढोल-ताशांचे दुकान चालवता चालवता १९६२ मध्ये फेंडरच्याच एका अँप्लिफायरवरून आपला नवा केला, काही व्हॉल्व्ह नि काही भाग बदलून. १९६४ मध्ये डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने तर कर्ण्याचा कागदी पडदाच पात्याने चिरला, आणि त्या फाटक्या आवाजावर जग डोलले. आपल्याकडे १९६१ पासून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि घरोघरचे ते मिणमिणते दिवे विझले. आज रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या देशांत व्हॉल्व्ह होतात, आणि ते विकत घेतात त्यांत मोठा भरणा या गिटारवाल्यांचाच. म्हणजे ज्यांना दादा बिघडवणारे म्हणाला असता, त्यांनीच दादाचे दिवे जिवंत ठेवले आहेत!

मिस्त्री मात्र हात लावायला तयार होईना. “वस्तू ज्यांची, त्यांना आणा. त्यांच्यासमोर तार सोडीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी रिक्षाने आल्या. बरोबर नात आणि गिटार. लिलाव आटोपले होते. पोत्यांच्या थप्पीवर हमाल विसावले होते. कोणी ‘कष्टाची भाकर’मधून जेवून पान लावीत बसले होते. हमाल पंचायतीने १९७४ साली सुरू केलेली ती झुणका-भाकर मीही त्या दिवशी खाल्ली. पुण्यातल्या पुष्कळ नामांकित खानावळींनी शिकावे अशी. वहिनींसाठी कोणीतरी रिकामी गोणी चौघडी करून खोक्यावर पसरली.

मिस्त्रीने तळाचे झाकण उजेडात धरले. “हे वाचलंत का?” झाकणाच्या आतल्या अंगाला, पुराच्या गाळाचा पुसट डाग पडलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या बरोबर समोर, दादाच्या बारीक अक्षरात पेन्सिलीच्या ओळी होत्या. बॅटरी धरणाऱ्या मलाही त्या ठाऊक नव्हत्या. १९६५: पूर्ण झाला. १९६९: कंडेन्सर बदलला, खर्ज सुधारला. आणि तिसरी ओळ, १९७१: फेरतोलाची ती तार सोडून पाहिली. आवाज भरदार. हिला आवडले नाही. पूर्ववत.

वहिनींनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

“अहो, मला आवडलं नाही असं कधी म्हणाले मी? पाळण्यात हिचा बाप होता, तीन महिन्यांचा. रात्रीचे अकरा वाजले होते. मी म्हटलं, ‘नको’. नको म्हणजे आत्ता नको!”

पन्नासहून अधिक वर्षे एक माणूस आपल्याला आवडलेला आवाज बाजूला ठेवून जगला, आणि जिच्यासाठी ठेवला तिला त्याचा पत्ताही नव्हता. त्याने विचारले नाही; तिने खुलासा केला नाही. संसारातही फेरतोल फार कडक असला, की आवाज स्वच्छ राहतो खरा.

“सोडा ती तार,” वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीने तार नुसती तोडली नाही. तिथे एक लहानसा खटका बसवला: एका बाजूला दादाचा कडक फेरतोल, दुसऱ्या बाजूला सैल. निघालेले जुने भाग त्याने वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून वहिनींच्या हाती दिले, हळदीची पुडी द्यावी तसे. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागला. गाळ्याच्या काळोखात ते एकेक करून केशरी झाले.

नातीने आधी दादाच्या बाजूने तार छेडली. सूर निवळशंख. थप्पीवरचा एक हमाल म्हणाला, “गोड हाय.” मग तिने खटका वळवला आणि तोच सूर पुन्हा छेडला. सूर तोच, पण आता त्याला कडा आल्या. तो भरत गेला, किंचित खरखरला, आणि विझायच्या आधी बराच वेळ रेंगाळला. हमाल उठून बसले.

वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. लग्नाआधी त्या गाणे शिकत असत, हे मी विसरलोच होतो. “भावोजी,” त्या म्हणाल्या, “ही जवारी आहे.”

आणि खरेच की! मिरजेच्या तंबोऱ्याचा एवढा लौकिक, मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या तंबोऱ्याचा प्राण कशात आहे? घोडीचा माथा हलक्या हाताने घासून, तारेखाली सुताचा एक धागा सरकवून कारागीर तारेला किंचित अडखळायला लावतो. ती घोडीला निसटती शिवते, थरथरते, आणि त्या थरथरण्यातून सुरांचा मोहोळ उठतो. धागा काढा, तार अगदी शुद्ध बोलेल, आणि तंबोरा मुका वाटेल. जी गोष्ट आमचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या धाग्याने करीत आले, तीच कॅलिफोर्नियातल्या रेडिओवाल्यांच्या हाती व्हॉल्व्हने साधली, एवढेच.

पैशांचा हिशेब झाला. कंडेन्सर इतके, रेझिस्टर इतके, मजुरी इतकी. खटक्याचे पैसे त्याने लावले नव्हते. मी आठवण केली, तेव्हा म्हणाला, “तो मी माझ्या मनासाठी लावला. त्या साहेबांचा आवाज पुसायचं पाप नको.”

तो झाकण बसवायला निघाला, तेव्हा वहिनींनी हात पुढे केला. “तुमची ती पेन्सिल द्या जरा.” झाकण मांडीवर घेऊन त्यांनी दादाच्या तिसऱ्या ओळीखाली तारीख घातली, आणि सावकाश, शाळेत गिरवावे तसे, दोन शब्द लिहिले: ‘मला आवडले.’

मिस्त्रीने ते वाचले, काही न बोलता झाकण बसवले, आणि चारही स्क्रू नीट आवळले.