फ्लूम ट्रेल: उतरायचं की परतायचं?

लेक टाहोच्या नेवाडाकडच्या काठावर, पाण्यापासून दीड हजार फुटांवर, फ्लूम ट्रेल आहे. १८७०च्या दशकात व्हर्जिनिया सिटीच्या खाणींसाठी काढलेल्या पाटाची ही वाट. स्पूनर लेकपासून चढून मार्लेट लेक गाठला, की पुढे कड्यालगतची चिंचोळी पायवाट!

तेव्हा सायकलवाल्यांना दोन पर्याय होते: टनेल क्रीकने खाली उतरून शटलने गाडीपाशी यायचं, नाहीतर आल्या वाटेने परत. लेकाला उतार हवा होता. मीही हो म्हटलं, कारण तो कडा दोनदा नको :)

अरुंद जागी मी सायकल हातात धरून चालत होते. लेक दर वळणावर थांबायचा. गेल्या वर्षीपर्यंत मी त्याच्यासाठी थांबत होते!

शेवटच्या उतारावर वाळूत घसरून कोपर सोललंच. बँडेज त्याच्याच सॅकमधून निघालं.