ग्वाल्हेर : लष्करातला शनिवार-रविवार

मध्य प्रदेशाच्या उत्तर टोकाला, आग्र्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर ग्वाल्हेर आहे. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून गोवा एक्सप्रेस आणि झेलम एक्सप्रेस या गाड्या थेट तिथे जातात. बहुतेक पर्यटक आग्रा आणि झाशी यांच्या मधे एक दुपार काढून किल्ला पाहतात आणि पुढची गाडी पकडतात. त्यामुळे किल्ला पाहून होतो, पण त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी वसवलेले शहर पाहायचे राहते. त्यासाठी निदान दोन रात्रींचा मुक्काम हवा.

गावाचे तीन भाग आहेत. किल्ल्याच्या पूर्वेला जुने ग्वाल्हेर, नैऋत्येला लष्कर आणि पलीकडे मोरार. इथे राज्य करणाऱ्या शिंद्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कण्हेरखेड आणि आधीची राजधानी उज्जैन. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली. ती पुढे हललीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आणि पेठा उभ्या राहिल्या आणि लष्कर हेच शहराचे नाव होऊन बसले. मराठी माणसाने उतरायचे ते याच भागात.

लष्करात उतरण्याच्या जागा सर्व दरांच्या आहेत. त्यांत उषाकिरण पॅलेस हे सर्वांत नावाजलेले हॉटेल. जयविलास राजवाड्याला लागून असलेली ही इमारत शिंद्यांच्या पाहुण्यांसाठी बांधली गेली. आज ताज समूह ती हॉटेल म्हणून चालवतो. आवार मोठे आणि झाडीचे असल्याने रस्त्यावरची वर्दळ आत पोहोचत नाही. इमारतीत पाहण्याजोगे काम आहे ते दगडी जाळ्यांचे. ग्वाल्हेरचा वालुकाश्म कोरायला चांगला. पातळ फळीला आरपार छिद्रे पाडून नक्षी उमटवायची ही कला इथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. उन्हाचा ताप अडवून वारा आत घेणे हे जाळीचे मुख्य काम, शोभा त्यानंतरची. खोलीचे दर परवडण्याजोगे नसले, तर स्टेशनजवळ पर्यटन महामंडळाचे तानसेन रेसिडेन्सी आहे.

शनिवारची सकाळ किल्ल्यासाठी ठेवावी. गाडीने पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने वर जाता येते. या वाटेवर कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या भव्य जैन मूर्ती लागतात. मात्र खरी वाट पूर्वेची. गुजरी महालापासून एकामागून एक दरवाजे ओलांडत चढण चढायची. लक्ष्मण दरवाजाजवळ एकाच खडकात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. पुष्कळ जण ते न पाहताच पुढे जातात. गाभाऱ्याच्या भिंतीवर इसवी सन ८७६चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांबीची जमीन आणि रोजच्या पूजेसाठी ५० माळा दिल्याची नोंद त्यात आहे. या दोन्ही आकड्यांतले शून्य छोट्या वर्तुळासारखे स्पष्ट वाचता येते. भारतातल्या दगडावर कोरलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या निर्विवाद नमुन्यांत त्याची गणना होते.

वर मानसिंह तोमराचा (कारकीर्द १४८६ ते १५१६) मानमंदिर महाल आहे. दर्शनी भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांची बदके, हत्ती आणि केळीची झाडे आहेत. पाचशे वर्षांच्या ऊनपावसातही त्यांचा रंग टिकून आहे. खालच्या तळघरांचा मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१मध्ये याच किल्ल्यावर मारण्यात आले. पुढे १०९३मध्ये पूर्ण झालेले सास-बहू मंदिर आणि त्याहून जुने, उंच शिखराचे तेली मंदिर आहे. १८५७-५८च्या उठावानंतर किल्ला इंग्रजांकडे होता. १८८६मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला.

दुपारनंतर लष्करात पायी फिरावे. पाटनकर बाजार, फालका बाजार, शितोले साहबचा बाडा, शिंदे की छावनी, दौलतगंज, जनकगंज, माधोगंज, जीवाजीगंज. दुकानांच्या पाट्या हिंदीत असल्या, तरी या पेठांच्या नावांत शिंद्यांचे सरदार आणि राजे ओळीने भेटतात. महाराज बाड्यावर जुना गोरखी वाडा आणि युरोपीय धाटणीच्या इमारती एकाच चौकात उभ्या आहेत. थंडीत इथे तिळगुळाचा गजक ताजा मिळतो. सकाळी बेडई आणि बटाट्याची तिखट भाजी हा इथला नाश्ता.

रविवारी जयविलास पाहावा. जयाजीराव शिंद्यांनी १८७४मध्ये तो बांधवून घेतला. वास्तुकार मायकेल फिलोज. वाड्याच्या एका भागात १९६४पासून संग्रहालय आहे. दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्याआधी छताची ताकद पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असे सांगतात. भोजनगृहाच्या मेजावर रुळांवरून चांदीची लहान आगगाडी फिरते. तिच्या डब्यांवर काचेची भांडी असतात. पाहुण्याने भांडे उचलले की गाडी थांबते, परत ठेवले की चालू लागते.

जयविलासनंतर संगीताकडे वळावे. हजिऱ्यात सूफी संत मोहम्मद गौस यांची मोठी कबर आहे. चारही बाजूंच्या जाळ्यांमुळे ती आवर्जून पाहावी अशी आहे. शेजारी तानसेनाची साधी कबर आणि चिंचेचे झाड. त्या झाडाचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा. दर डिसेंबरला होणाऱ्या तानसेन समारोहाच्या सकाळी इथे ढोलीबुवा मठाची हरिकथा आणि मिलाद, दोन्ही होतात. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची ख्यालगायकी शिंदे दरबाराच्या आश्रयाने वाढली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला शिकले आणि त्यांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचेच शिष्य. २०२३मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात आज जे ख्यालगायन ऐकू येते, त्याचा मोठा प्रवाह या गावातून आला आहे.

शेवटी फुलबागेजवळच्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीशी जावे. जून १८५८मध्ये त्या ग्वाल्हेरच्या लढाईत पडल्या. शिंदे इंग्रजांच्या बाजूला, राणी त्यांच्या विरुद्ध. मराठ्यांच्या इतिहासाच्या या दोन्ही बाजू एकाच गावात पाहायला मिळतात.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ जाण्यासाठी चांगला. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. गुजरी महालातले संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून शनिवार-रविवार सोयीचा. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री पाहिलेल्या वाचकाने तिच्यामागचे राज्य पाहायला ग्वाल्हेरला जावे आणि किमान दोन रात्री राहावे.