कुसगावच्या तळ्यावर पहिला गळ

पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल वडगाव आणि कान्हे मागे टाकते, आणि कामशेतच्या सुमारास इंद्रायणी खिडकीत येते. माघातली सकाळ होती. भातकाढणी कधीच उरकली होती, खाचरांत हरभरा उभा होता आणि नदीवर धुक्याचा पातळ थर होता. सोबत पवईहून आलेला माझा भाचा होता, नववीतला. वाढदिवसाला मिळालेला गळाचा रॉड त्यानं मांडीवर आडवा धरला होता. पाणी दिसताच तो म्हणाला, "मावशी, इथेच उतरू या की!"

गळ टाकायला शिकायचं, हा त्याचा हट्ट पवई तलावामुळे सुरू झाला. हा तलाव १८९१ साली मुंबईच्या पाण्यासाठी बांधला गेला. तिथे हौशी गळकऱ्यांची जुनी संघटना आहे, आणि तासन्‌तास तरंगीकडे बघत बसणारी माणसं तो लहानपणापासून पाहत आलाय. पण त्या तलावात मगरी आहेत आणि जलपर्णी पसरलेली असते. नवशिक्या मुलाला एकट्यानं काठावर बसवावं असं ते पाणी नाही. पुण्यातली नदी शहरात शिरते ती सांडपाणी घेऊनच. खडकवासल्याचं पाणी पिण्यासाठी राखलेलं. मोठ्या शहरात राहणाऱ्या मुलानं पहिला गळ टाकायचा तरी कुठे, या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही कुसगावला निघालो होतो. तिथे ओळखीतल्या एका शेतकऱ्याचं तळं होतं.

मळवली आली तशी डाव्या हाताला लोहगड-विसापूर आणि उजव्या बाजूला कार्ल्याचा डोंगर दिसू लागला. तिथे वर लेण्यांच्या शेजारी आई एकवीरेचं देऊळ आहे. कोळ्यांची ही कुलदेवता समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर बसलेली. लोणावळा स्टेशनात उतरलो तेव्हा मळवलीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत कोळी बायकांचा एक घोळका फलाटावर होता. हातात ओटीच्या पिशव्या, केसांत भरगच्च वेण्या. भाच्याच्या हातातला रॉड पाहून त्यांच्यातल्या एका आजींनी त्याला जवळ बोलावलं. कुठला, काय धरणार, अशी चौकशी केली आणि म्हणाल्या, "बाला, पान्याला कवा पाठ दाखवू नको. तोंड पान्याकडंच ठेव." त्या दिवशी ऐकलेला हा पहिला धडा. पुढे प्रत्येक काठावर तो उपयोगी पडला.

रिक्षानं कुसगाव बुद्रुककडे निघालो. हे गाव आता झपाट्यानं बदलतंय. एका अंगाला द्रुतगती महामार्गाची अखंड घरघर, दुसऱ्या अंगाला महाविद्यालयांच्या इमारती आणि बंगल्यांचे प्लॉट. खोपोलीकडून बोगद्यांतून येणाऱ्या तेरा किलोमीटरच्या नव्या रस्त्याचं, लोक ज्याला 'मिसिंग लिंक' म्हणतात त्याचं, पुण्याकडचं टोक इथेच कुसगावाजवळ येतं. त्यातला मोठा बोगदा लोणावळा तलावाच्या तळाखालून गेलाय. एवढ्या सगळ्या धावपळीत गावाची भातखाचरं, म्हशी आणि ओढे मात्र अजून जागेवर आहेत.

लोणावळ्याच्या परिसरात जिकडे बघावं तिकडे पाणी दिसतं, म्हणून नवख्याला वाटतं की कुठेही बसावं. तसं ते नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणं. १९११ साली इथे कोनशिला बसली आणि १९१५ साली या पाण्याची वीज मुंबईला पोचली. डोंगरावरचं पाणी नळांतून पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरवायचं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची, अशी ती रचना. कंपनीच्या हद्दीत परवानगीवाचून गळ टाकता येत नाही. भुशी धरण रेल्वेच्या पाण्यासाठी बांधलेलं. तिथे गर्दी, शेवाळ आणि पावसाळ्यात जीवघेणा लोंढा. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या वरच्या अंगाला धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याच्या पुढच्या जूनमध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. म्हणून पाणी दिसलं की आधी दोन प्रश्न विचारावेत: हे पाणी कोणाचं, आणि ते अचानक वाढतं का?

आमचं तळं गावाच्या कडेला, आंब्याच्या दोन झाडांखाली होतं. मुरमात खणलेलं, काठाला हलका उतार, कडेला पाणी गुडघाभर. सगळे ज्यांना मामा म्हणतात ते तळ्याचे मालक आमची वाटच बघत होते. वाटेत हिरव्यागार पाण्याचं चौकोनी शेततळं लागलं होतं आणि भाच्याला तेच आवडलं होतं. मामांनी लगेच मान हलवली. "त्यात काळा कागद अंथरलेला असतोय पोरा. शेवाळ धरतं. एकदा पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत न्हाई. तिथं बांधलेला दोर आधी बघायचा, मासा मागनं." राज्यभर शेततळी झाली आहेत आणि त्यांत मासेही सोडले जातात, पण प्लास्टिक अस्तराचा काठ शिकणाऱ्यासाठी नाही. मातीचा, उतरता, पाय रोवता येईल असा काठ हवा.

मामांनी रॉडकडे कौतुकानं पाहिलं आणि तो बाजूला ठेवायला सांगितला. भाच्याच्या उंचीहून हातभर लांब अशी बांबूची काठी त्यांनी कुंपणातून काढून दिली. टोकाला काठीच्याच लांबीचं तंगूस, मोरपिसाच्या दांड्याची तरंगी, ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं आणि नखाएवढा बारीक गळ. "आधी काठी हाताला कळू दे, मग रिळाकडं जा." त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. रिळानं गळ लांब फेकता येतो, पण नवख्याला लांब फेकायचं कारणच नसतं. मासा बहुधा काठाजवळच, गवताच्या आडोशाला चरत असतो.

मग चारा कालवला. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि थोडं पाणी. कोंडा इंद्रायणी तांदळाचा होता, त्याचा वास पाण्याबाहेरही दरवळत होता. हे वाण इथूनच जवळ, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ साली तयार झालं. चाऱ्याचे दोन-तीन गोळे एकाच जागी टाकायचे आणि थांबायचं. "आता बोलला तरी चालंल," मामा म्हणाले, "पण पाय आपटू नको. मासा पायानं पळतो, तोंडानं न्हाई." काठावरच्या पावलांचा हादरा जमिनीतून पाण्यात उतरतो. सावलीचंही तसंच. ऊन तोंडावर घेऊन बसावं, म्हणजे आपली सावली मागे पडते.

सकाळी नऊपर्यंत तरंगी हलली नाही. मावळात माघातलं पाणी रात्रभर गारठतं आणि मासा तळाशी सुस्तावतो. उन्हं वर आली, काठाचं उथळ पाणी ऊबदार झालं आणि दहाच्या पुढे तरंगी थरथरली. भाच्यानं झटका दिला, गळ मोकळाच वर आला. मामांनी समजावलं: पहिली थरथर म्हणजे मासा आमिष चाखतोय. तरंगी तिरकी होऊन एका बाजूला चालू लागली की मनगटानं हलकेच वर उचलायचं. खांद्यातून ओढायचं नाही, कारण जोरानं ओढलं की ओठ फाटतो आणि मासा जखमी होऊन जातो. पुढच्या थरथरीला मुलगा श्वास रोखून थांबला. तरंगी सरकली, त्यानं काठी उचलली आणि तळहाताएवढी चिलापी उन्हात चमकत वर आली.

चिलापीच्या पाठीवर काटे असतात. मामांनी हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवला, काटे मिटवले आणि मासा अलगद धरून दाखवला. ओल्या हाताचं कारणही सांगितलं: कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि सोडून दिला तरी तो रोगानं मरतो. मग त्यांनी शिकाऱ्याचा नियम घालून दिला. चिलापी लागली तर ठेवायची. मळ्या, दांडवण, वाम असं गावचं काही लागलं तर परत पाण्यात.

या नियमामागे मोठी गोष्ट आहे. चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली गेली आणि आता महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांत तिचंच राज्य आहे. ती काहीही खाते, पिल्लं तोंडात सांभाळते, भराभर वाढते आणि सहज गळाला लागते. शिकणाऱ्याला याहून चांगला मासा नाही, आणि तो पाण्यातून कमी झाला तर स्थानिक माशांचं भलंच होतं. एकट्या इंद्रायणीत अभ्यासकांनी माशांच्या पन्नासहून अधिक जाती नोंदवल्या आहेत. त्यांतल्या अनेकांना आता बाहेरून आलेल्या माशांशी आणि मैल्याशी एकाच वेळी झगडावं लागतं.

कुठल्या पाण्यात कुठला मासा असावा, याचा दोन्ही बाजूंचा धडा लोणावळ्यानंच दिलेला आहे. वळवणच्या काठी टाटांचं मत्स्यबीज केंद्र आहे. १९७०च्या दशकात तिथे दख्खनी महाशीराचं कृत्रिम प्रजनन साधलं आणि लक्षावधी पिल्लं देशभरच्या पाण्यात गेली. एकेकाळी धोक्यात असलेली ही जात आता जागतिक लाल यादीत चिंतामुक्त गटात आहे, त्यात या कामाचा वाटा आहे. पण याच निळसर परांच्या महाशीराची पिल्लं दक्षिणेत कावेरीत सोडली गेली. तिथे ती इतकी फोफावली, की कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर मागे हटत गेला आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. इंद्रायणीचा राजा कावेरीत परकाच ठरला. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं ताबडतोब विचारलं, "मग आपण घरच्या टाकीतले मासे तलावात सोडतो तेही चूकच ना?" तळ्याच्या काठी बसल्यावर असे प्रश्न आपसूक सुचतात.

दुपारी मामींनी चिलापीचं झणझणीत कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मग औंढोलीवरून दुधिवरे खिंड ओलांडून आम्ही पवनेच्या जलाशयावर गेलो. खिंडीतून खाली तुंग, तिकोना आणि मधलं निळं पाणी दिसलं, तेव्हा मुलगा पहिल्यांदाच गप्प झाला. १९७२ साली पूर्ण झालेल्या या धरणावर पिंपरी-चिंचवडची तहान भागते. मासेमारीचा हक्क अशा जलाशयांत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून काठावर उतरण्याआधी विचारणं हे नुसतं सौजन्य नाही, तो त्यांच्या पोटाचा मान आहे.

काठावर एक कातकरी बाई काठी घेऊन बसली होती, शेजारी तिची मुलगी गांडुळांची करवंटी सांभाळत होती. आम्ही दहा पावलांवर बसू का, असं विचारलं. तिनं हातानं जागा दाखवली आणि म्हणाली, "तिकडं जाऊ नगा ताई. तिथं खाली जुना बांध हाय. एक पाऊल गुडघाभर, दुसरं डोक्यावर." धरणाच्या पोटात पूर्वीची शेतं आहेत, त्यांचे बांध, विहिरी, घरांची जोती आहेत. माघानंतर पाणी ओसरू लागतं, काठावर गाळ उघडा पडतो आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या पापुद्र्याखाली पाय रुततो. हे कुठल्याही नकाशात नसतं. तिथे रोज बसणाऱ्या माणसालाच ते ठाऊक असतं. तिच्या टोपलीत संध्याकाळचं जेवण होतं, आमच्यासाठी तो छंद होता. म्हणून त्या काठावर आम्ही गळ टाकला नाही. तिच्याजवळ बसून बघितलं, आणि तेवढ्यानंही मुलगा पुष्कळ शिकला.

परतीच्या वाटेवर त्यानं पावसाळ्यात पुन्हा यायचं ठरवलं, तेव्हा त्याला समजावलं. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासे अंडी घालायला ओढ्यांत, खाचरांत वर चढतात. हे चढणीचे मासे धरायची हौस गावोगाव आहे. पण एक गाभोळीची मादी धरली की पुढच्या वर्षीचे शेकडो मासे जातात. पाणीही तेव्हा भरवशाचं नसतं. शिकणाऱ्यानं दिवाळीनंतर यावं, होळीपर्यंत यावं, पावसाळा माशांना सोडावा.

मुंबई-पुण्याच्या कुणी मला आता विचारलं, की मुलाला गळ शिकवायला कुठे नेऊ, तर मी जागेचं नाव शेवटी सांगेन. आधी सांगेन की ओळखीच्या माणसाचं, मातीच्या उतरत्या काठाचं, साठलेलं पाणी शोधा. त्यात चिलापी असेल तर उत्तम. मालकाला विचारून, चार पैसे देऊन बसा. मोठं धरण, वाहती नदी आणि रीळ हे सगळं नंतर.

आणि एक गोष्ट शहराला सांगेन. दख्खनी महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. जगाला ज्या नदीनं हा मासा दिला, त्या नदीकाठी आज पुण्याच्या मुलाला पाण्यात हात घालू देववत नाही. मावळ जवळ आहे, लोकल स्वस्त आहे आणि मामांसारखी माणसं अजून शिकवायला तयार आहेत, हे आपलं भाग्य. पण तळ्यावर एक दिवस काढलेला मुलगा घरी जाऊन आपल्या नदीबद्दल प्रश्न विचारू लागतो, आणि ते त्यानं विचारावेत म्हणूनच त्याला गळ शिकवायचा. शहरातला एखादा तरी तलाव मुलांना निर्धास्त बसता येईल इतका स्वच्छ करणं ही आपली, मोठ्यांची, जबाबदारी आहे.