मीटरवरचे तास

बोर्डीचा समुद्र दिवसातून दोनदा गावाकडे पाठ फिरवतो. ओहोटीच्या वेळी सुरूच्या झाडांखाली उभं राहिलं, तर समोर नुसती ओली करडी वाळू आणि चिखल. पाण्याची गाज ऐकू येते, पाणी दिसत नाही. डहाणूपासून घोलवड, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंत थोड्याफार फरकाने हीच तऱ्हा. मुंबईचे पाहुणे हिरमुसतात, "समुद्र कुठाय?" असं विचारतात. आम्हां इथल्या लोकांना सवय आहे. पण या ओहोटीकडे धंद्याच्या नजरेनं पाहायची वेळ माझ्यावर माझ्या भाच्यामुळे आली.

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक. दूल्हाभाई गेल्यापासून घर त्याच्याच जिवावर. घोलवडचे चिकू टेम्पोत भरून मुंबईच्या बाजारात न्यायचे, रात्रभर जागायचं आणि सकाळी परतायचं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण टेम्पोवाल्याच्या भाड्यात त्यानं काही फरक पडला नाही, असं तो हसत सांगतो. अलिबागकडे एका लग्नाला गेला आणि तिथं किनाऱ्यावर वॉटर स्कूटर पाहून आला. दहा मिनिटांची फेरी आणि हातात रोकड! घरी आला तो हेच घेऊन.

"खाला, नवीन घ्यायची तर दहा लाखांच्या वर जाते. एक जुनी मिळतेय, तीन माणसांची, साडेचार लाखांत."

बँकेचं व्याज त्याला नको होतं. कर्जे-हसना मागायला तो माझ्याकडे आला. मी तलासरीत जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीचे पैसे खात्यात पडून आहेत, हे सगळ्या खानदानाला ठाऊक. त्या पैशांत माझं म्हातारपण होतं आणि त्याच्या मागण्यात त्याचं तरुणपण. मी म्हटलं, "आधी बघू तर दे."

आपानं मात्र ऐकताक्षणी कानावर हात ठेवले. तिला १३ जानेवारी २०१८ आठवला. त्या दिवशी डहाणूच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटली. बोटीत चाळीसेक मुलं-मुली होती. आपले मच्छीमार होड्या घेऊन धावले, बहुतेक मुलं वाचली. तीन मुली गेल्या. मी शिक्षिका, सहलीचा दिवस म्हणजे काय असतो, ते मला माहीत आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी वारली मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो झाईच्या सहलीत. तालुक्याला समुद्र आहे हे भूगोलात पाठ केलेलं, पण पाड्यावरून किनाऱ्यापर्यंत यायला कुणी कारणच दिलेलं नव्हतं. त्या सहलींत मी एकेका पोराचा हात मोजत असे.

मशीन बघायला आम्ही तिघं गेलो. तिसरा माझा जुना विद्यार्थी, झाईचा मच्छीमार, आता स्वतःच्या होडीचा तांडेल. जुनी होडी घेताना तो काय पाहतो, हे त्यानं वाटेत सांगितलं. आधी पठाण पाहायचं, म्हणजे होडीच्या तळाचं कण्यासारखं लाकूड. (शब्द ऐकून भाचा हसला. म्हणाला, "म्हणजे होडीतही आमचाच माणूस खाली!") मग फळ्यांच्या सांध्यांत टोचा घालायचा, लाकूड भुसभुशीत लागलं की परत फिरायचं. माणसाच्या बोलण्यावरून होडी घ्यायची नाही.

वॉटर स्कूटर एका शेडमध्ये ट्रेलरवर उभी होती, नव्या रंगाने चकाकत. एजंट तोंडभर हसून म्हणाला, "फक्त नव्वद तास चाललीय, मॅडम." या यंत्राचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. मीटरवर खरोखर ९० होते. मी विचारलं, किनाऱ्यावर धंद्याला किती वर्षं होती? पाच हंगाम, तो म्हणाला. मी पिशवीतून पेन काढलं. पावसाळा सोडून फक्त शनिवार-रविवार धरले, तरी हंगामाला सत्तर दिवस. पाच हंगामांचे ३५०. नव्वद तास म्हणजे ५,४०० मिनिटं. दिवसाला सरासरी पंधरा मिनिटं. दहा मिनिटांची एक फेरी धरली, तर पाच वर्षं हा माणूस दिवसाला दीड फेरी मारत बसला होता! मग धंदाच नव्हता, किंवा मीटर बदललेलं होतं. दोन्हींपैकी काय, एवढंच सांगा, असं मी म्हटलं. एजंटला त्याच वेळी फोन आला.

बाकीची तपासणी तांडेलनं केली. त्यानं बोटांच्या पेरांनी बूड वाजवलं. एका जागी आवाज बद्द आला, तिथं रंगाखाली डागडुजी होती. इंजिनाचं झाकण उघडलं, तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दरवेळी गोड्या पाण्यानं आतून धुवावं लागतं, ते कुणी धुतलं नव्हतं. मग तो मागच्या बाजूला गुडघ्यावर बसला. या यंत्राला बाहेर पंखा नसतो. बुडाखालून पाणी ओढून आतला पंखा ते मागे जोरानं फेकतो आणि त्या झोतावर ते पळतं. त्या पंख्याच्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या खाल्ल्या गेल्या होत्या.

"बाई, यानं वाळू खाल्लीय," तो म्हणाला. "उथळ पाण्यात चालवलं की खालची वाळू ओढणारच. आणि आपल्याकडे उथळ नाही असं पाणी दिवसात किती तास असतं?"

भाचा गप्प झाला. पंखा बदलता येतो, बूड सांधता येतं, पण बोर्डीची ओहोटी बदलता येत नाही. ऐन रविवारी दुपारी पाहुणे किनाऱ्यावर आणि पाणी दूर, असा योग महिन्यातून कितीदा तरी येतो. कागदही पाहिले. नोंदणी तिसऱ्याच्याच नावावर. मशीन विकत मिळतं, मेरीटाइम बोर्डाची परवानगी त्याच्यासोबत येत नाही. आपल्या किनाऱ्यासाठी ती नव्यानं काढायची, विमा काढायचा, शिकलेला चालक ठेवायचा.

आणखी एक गोष्ट तांडेलनं सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. वळायला लागतो तो पाण्याचा झोतच. समोर काही आलं आणि घाबरून चालवणाऱ्यानं वेग सोडला, की झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवलं तरी मशीन सरळच जातं. म्हणजे अडचणीत थोडा जोर ठेवूनच वळायचं. नवशिक्याचा हात नेमकं उलटं करतो. नव्या मशीनमध्ये यावर काही सोय केलेली असते, पण समोरचं मशीन नवं नव्हतं. पडलाच तर इंजिन बंद व्हावं म्हणून मनगटाला बांधायची दोरी असते. त्या शेडमधल्या मशीनची दोरी हँडललाच गाठ मारून ठेवली होती.

येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. वाटेत कुणाच्या तरी भिंतीवर वाढवण बंदराच्या विरोधातली घोषणा दिसली. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी त्या बंदराची पायाभरणी केली. भाच्याच्या वयाच्या पोरांना कुणी सांगतं नोकऱ्या येतील, कुणी सांगतं मासळी जाईल. तांडेल म्हणाला, "तोपर्यंत पोटाला काय?" भाच्यानं हाच प्रश्न मला महिनाभर घातला होता, फक्त वॉटर स्कूटरचं नाव देऊन. म्हणून मी नाही म्हटलं नाही.

मी माझ्या अटी सांगितल्या. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत प्रशिक्षण घे, फी मी देईन. वर्षभराच्या भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन रविवारी दिवसा किती तास पाणी मिळतं, ते वहीत मांड. कागद आधी, मशीन मागाहून. आपानं चौथी अट घातली: आधी पोहायला शीक. समुद्राकाठी जन्मलेल्या त्या पोराला पोहता येत नव्हतं!

आता भरती सकाळची असेल त्या दिवशी तो फजरनंतर झाईला जातो. तांडेल त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून हात मारायला लावतो. वही मी परवा पाहिली. मार्चपर्यंतचे रविवार भरून झालेत. पैसे अजून खात्यातच आहेत.