दुसरं भोक

धानकापणीच्या दिवसांत रायपूरजवळच्या आरंग किंवा अभनपूरकडच्या शेतात हार्वेस्टर उभा असला, की त्याच्या टाकीत डिझेल बहुधा कॅननंच पडतं. ते धूड पंपापर्यंत नेणं परवडत नाही. म्हणून प्लॅस्टिकचा मोठा कॅन मोटारसायकलच्या मागे बांधून येतो, एक जण वर चढतो, कॅन मांडीवर टेकवून वाकवतो. डिझेल धारेनं येत नाही, गचके देत येतं. पहिला लोंढा नरसाळ्याबाहेर, दुसरा हातावर, तिसरा कसाबसा टाकीत. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या जनरेटरपाशी आणि लग्नाच्या मांडवामागे हेच चाललेलं असतं. थोडं सांडायचंच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. माझं म्हणणं असं, की सांडणं हा या कामाचा भाग नाही. ती कॅनमधली खोट आहे, दुरुस्त होण्याजोगी आहे, आणि जिथे सगळे शोधतात तिथे, म्हणजे तोटीत, ती नाही.

एक लिटर डिझेल बाहेर पडायचं तर एक लिटर हवा आत यायला हवी. तोंड एकच असलं की दोघांची ये-जा त्याच वाटेनं. डिझेल निघतं तशी आतली हवा विरळ होते, दाब उतरतो. किती उतरला म्हणजे धार अडते? एक फूट उंचीच्या डिझेलचा तळाशी पडणारा दाब हा वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अडीच टक्के. आतला दाब तेवढा उतरला की धार जागच्या जागी थांबते. मग बाहेरची हवा बुडबुडा होऊन आत घुसते, दाब सावरतो आणि अडलेला लोंढा एकदम सुटतो. त्यात प्लॅस्टिकच्या भिंती पातळ. दाब उतरला की त्या आत दबतात, बुडबुडा शिरताच टणकन बाहेर येतात, आणि कॅन हातातल्या हातात हिसका मारतो. अशा वेळी नरसाळं मोठं घेणं, तोटी लांब करणं, तिला वाकडा पाइप जोडणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. किराणा दुकानदार हे न शिकता जाणतो. 15 किलोच्या तेलाच्या डब्याला तो समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडतो, आणि तेलाची धार शेवटपर्यंत मोडत नाही.

लढायांनीही हाच धडा दिलेला आहे. जर्मन सैन्यानं 1937 च्या सुमारास 20 लिटरचा जो पत्र्याचा कॅन केला, त्याच्या आखूड तोंडाच्या आत हवेसाठी एक वेगळी बारीक नळी होती. ती कॅनच्या वरच्या मोकळ्या जागेशी जोडलेली. नरसाळ्याशिवाय, न अडखळता तो रिकामा होई. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश फौजांकडे मात्र पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते, ते वाटेतच गळत. शत्रूचे कॅन हाती लागले तसे त्यांनी ते जपून वापरले आणि पुढे तसेच बनवूनही घेतले. आज आपण ज्याला जरीकॅन म्हणतो तो त्याचा वंशज, फक्त प्लॅस्टिकमध्ये येताना बहुतेकांची ती नळी गळून पडली. अमेरिकेत तर हवेची वेगळी वाटच कायद्याच्या ओघात गेली. पेट्रोलची वाफ हवेत मिसळू नये म्हणून 2009 पासून तिथे बनणाऱ्या कॅनवर उत्सर्जनाची मर्यादा आली, आणि बाजारात वेगळं हवेचं भोक नसलेले, आपोआप मिटणाऱ्या तोटीचे कॅन आले. हेतू चांगलाच होता. पण लोकांना ओतता येईना, म्हणून तिकडच्या घराघरांत कॅनला ड्रिल लागलं. वापरणाऱ्याच्या हाताचा विचार न करता केलेली सुधारणा माणसं आपल्या हातानं मोडतात, हे तिथल्या अधिकाऱ्यांनाही दिसलं असणार.

आता भोक कुठे आणि केवढं? कॅन वाकवल्यावर जो कोपरा सगळ्यात वर राहतो तिथे. म्हणजे वरच्या बाजूला, मुठीच्या मागे, तोंडापासून शक्य तितकं दूर. साच्याची शिवण टाळावी, तिथून तडा जातो. आकाराबद्दल लोक उगाच घाबरतात. हवा डिझेलपेक्षा सातशेपट हलकी असल्यानं ती अगदी अरुंद वाटेनंही झपाट्यानं आत येते. 25 मिलिमीटरच्या तोटीला 8 मिलिमीटरचं भोक, म्हणजे क्षेत्रफळात दहावा हिस्सा, पुरून उरतं. हे भोक मिटणारं हवं, म्हणून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व सोयीचा. आतली पिन काढून टाकायची आणि वर टोपी ठेवायची. त्याची वाट 8 मिलिमीटरपेक्षा बरीच अरुंद, त्यामुळे धार मंदावते, पण गचके जातात. रबरी व्हॉल्व डिझेलनं फुगतो. नट आणि वायसरचा पितळी घ्यावा, वायसर नायट्राइलचा. व्हॉल्व आतून बाहेर यावा लागतो आणि कॅनच्या तोंडातून हात जात नाही, तेव्हा भोकातून बारीक तार घालून ती तोंडातून बाहेर काढायची, तिला व्हॉल्व बांधायचा आणि ओढून घ्यायचा. त्याआधी ड्रिलचा प्लॅस्टिकचा कीस आतून पूर्ण झटकून काढायचा, नाहीतर तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. रस्त्याकडेला तापलेली सळई टोचून भोक पाडतात; ते गोल होत नाही आणि वायसर त्यावर बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्या कॅनमध्ये पूर्वी इंधन होतं त्याला सळई लावणं किंवा विजेचं ड्रिल लावणं हा जिवाशी खेळ आहे. रिकाम्या कॅनमध्ये वाफ आणि हवा दोन्ही असतात, आणि भडका उडायला तेच लागतं. भोक पाडायचं ते नव्या, कोऱ्या कॅनला.

एक आक्षेप असा, की हे सगळं कशाला, ओतायची रीत शिका. आक्षेप अर्धा खरा आहे. एका कडेला तोंड असलेला पाच लिटरचा कॅन आडवा धरून, तोंड वरच्या अंगाला ठेवून ओतला तर तोंडाच्या वरच्या भागातून हवा आत जात राहते आणि धार सरळ पडते. ऑइलचे डबे गॅरेजवाले असेच ओततात. पण 35 लिटर डिझेलचं वजन तीस किलोच्या घरात जातं. ते खांद्याच्या उंचीवर आडवं धरून तोलणं रीतीचं काम नाही, ताकदीचं आहे, आणि ताकद संपली की रीतही संपते. दुसरा पर्याय सायफनचा. कॅन टाकीपेक्षा उंच ठेवता येत असेल तर त्याहून उत्तम काही नाही, मात्र पाइप तोंडानं ओढू नये. डिझेल फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. हार्वेस्टरच्या टाकीहून उंच जागा शेतात कुठून आणणार?

खरा जड आक्षेप आगीचा आणि कायद्याचा. डिझेल पेटत नाही म्हणणाऱ्यांनी रायपूरचा मे महिना ध्यानात घ्यावा. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान, किमान 35 अंश असावा एवढीच अट आहे, आणि इथे मेमध्ये सावलीतलं तापमान सहज 42-43 पर्यंत जातं. ट्रॉलीत उन्हात पडलेला कॅन त्याच्याही वर. म्हणजे जानेवारीत जे डिझेल निवांत असतं त्याची वाफ उन्हाळ्याच्या दुपारी ठिणगीला तयार असू शकते. म्हणून हवेचं भोक ओतण्यापुरतंच उघडं, एरवी टोपी घट्ट. उलट, तापून फुगलेल्या कॅनची टोपी आधी हळूच सैल करून दाब सोडता येतो. मोठं झाकण उघडताना तोंडावर उडणारा फवारा त्यानं टळतो. पावसाळ्यात उघडं भोक म्हणजे डिझेलमध्ये पाणी, आणि नव्या इंजिनांच्या इंजेक्टरला ते अजिबात चालत नाही. कायदा मात्र असा गुंडाळता येणार नाही. कारखान्यात चाचणी झालेल्या कॅनला भोक पाडलं की तो चाचणी झालेला कॅन राहत नाही. माझं उत्तर एवढंच, की शेतात आज वापरात असलेले बहुतेक कॅन मुळात दुसऱ्याच मालाचे, वापरून टाकलेले असतात. भोकानं ते कायदेशीर होत नाहीत, पण कमी सांडतात.

पेट्रोलच्या बाबतीत हे उत्तरही लागू नाही. त्याची वाफ थंडीतही पेटते. 1934 चा पेट्रोलियम कायदा विनापरवाना ठेवायच्या पेट्रोलसाठी काच, चिनी माती किंवा धातूचंच भांडं सांगतो, आणि धातूचं भांडं 25 लिटरपर्यंतच. प्लॅस्टिकचं नाव त्यात नाही. तेव्हा पेट्रोलच्या प्लॅस्टिक कॅनला चांगलं भोक कसं पाडावं याचा सल्ला माझ्याकडे मागू नये. डिझेलचे कॅन बनवणाऱ्यांना मात्र विनंती आहे: मान्यताप्राप्त कॅनच्या साच्यातच मुठीमागे एक लहान, झाकणाचं तोंड द्या, म्हणजे आम्हाला ड्रिल हातात घ्यावं लागणार नाही.