आवराआवर

संसार मांडायला कोणाला फारसे शिकवावे लागत नाही. चार पितळी डबे, दोन गाद्या आणि एक स्टोव्ह एवढ्यावर तो मांडता येतो. आवरायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही. वानप्रस्थाचा उपदेश करणाऱ्या आपल्या ऋषींनाही माळ्यावरच्या ट्रंका कधी उपसाव्या लागल्या नसाव्यात!

यंदा ती पाळी आमच्यावर आली. पंचेचाळीस वर्षे पुण्यात ज्या घरात राहिलो, ते सोडून आम्हा दोघांना दोन खोल्यांत जायचे होते. हिने कामाला शिस्त लावली. एक ढीग न्यायचा, एक द्यायचा, एक रद्दीचा. दुपारपर्यंत न्यायचा ढीगच सर्वांत मोठा झाला, हे सांगायला नकोच.

जुनी वस्तू जाताना वाईट वाटते असे आपण म्हणतो. पण सगळ्याच वस्तूंचे तसे नसते. बंद पडलेले तीन मोबाइल फोन मी काही न वाटता देऊन टाकले. तांब्याचा बंब उचलताना मात्र हात जड झाला. विचार करता उमगले, की हा बंब मला कळत होता. मध्ये निखारे, भोवती पाणी, खाली राख. त्यात गूढ असे काही नव्हते. गळू लागला तर तांबट आळीत न्यावा आणि डाग लावून आणावा. पातेल्यांसाठी कल्हईवाला दारावर येई. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून देणारी बाई येई. वस्तू जुन्या झाल्या म्हणून ही माणसे गेली, असे आपण समजतो. मला तर उलटेच वाटते. माणसे आधी गेली, आणि मग वस्तू निरुपयोगी ठरल्या.

आमची मोटारही याच गोत्रातली. १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. पैसे भरून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर दारात आलेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. मूळची ती इटलीची फियाट ११००. १९७४ पासून पद्मिनी झाली. पण सासरी नाव बदलले तरी माहेरचे लोक जुन्याच नावाने हाक मारतात, तशी ती सर्वांना शेवटपर्यंत फियाटच राहिली.

इंजिन १०८९ सी.सी.चे. बॉनेट उघडले की सारी मंडळी पंगतीला बसल्यासारखी समोर दिसत. हा कार्बुरेटर, तो डिस्ट्रिब्युटर, पुढे पंख्याचा पट्टा. थंडीत चोक ओढायचा, पॉइंट काळे पडले तर पॉलिशपेपरने घासायचे. ती रुसे पुष्कळ. पण का रुसली ते विचारता येई. एकदा मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी ती थांबली. पेट्रोलच्या पंपात वाफ धरली होती. हिने डब्याचे फडके ओले करून दिले, मी ते पंपावर टाकले. पंप निवेपर्यंत मुलांनी धपाटे संपवले, शिंग्रोबाला नाणे वाहिले, आणि आम्ही मुंबईला पोचलो.

खरे सांगायचे तर नव्या मोटारी पुष्कळ बाबतींत चांगल्या. घाटात तापत नाहीत, धूर कमी सोडतात. अपघातात जीव वाचवणारे पट्टे आणि हवेच्या पिशव्या त्यांच्यात असतात. नातीला मी मुलाच्या मोटारीतच बसवीन. पण परवा तिच्यात एक पिवळा दिवा लागला. मुलाने बॉनेट उघडले. आत एक काळे झाकण! बॉनेट लावून तो म्हणाला, "बाबा, हिला कॉम्प्युटर लावून बघावे लागेल." आमची मोटारीशी भांडणे होत. त्याची तिच्याशी तेवढीही ओळख नाही.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. आमच्या पद्मिनीला दोन गिऱ्हाइके आली. एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेसाठी हवी होती. बंबही हवा होता, त्यात दिवा बसवायला. पैसे चांगले देत होता. दुसरा आमच्या जुन्या मिस्त्रीचा मुलगा. त्याने पैशाचे काही बोलण्याआधी बॉनेट उघडले, वाकून कान दिला आणि म्हणाला, "काका, टॅपेट वाजतंय."

मी हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, "अहो, शोभेला उभी राहायला ती काय म्हातारी झाली आहे?"

निम्म्या पैशांत मोटार त्याला दिली. बंब एका शेतावरच्या घरी गेला. तिथे अजून सरपण आहे आणि आंघोळीला सात माणसे आहेत. आवरणे म्हणजे वस्तू टाकणे नव्हे, ज्याला ती कळते त्याचे घर शोधणे, असे मला आता वाटू लागले आहे.

पाटा तेवढा अजून जिन्याखाली पडून आहे. टाकी लावणारे कोणी आपल्या पाहण्यात असेल, तर अवश्य कळवावे.