नको तिथे तुलना

बोर्दोच्या सहलीत माझी एक चूक चारचौघांत झाली, म्हणून ती मी हसत हसत सांगते. दुसरी कुणाच्या लक्षातही आली नाही. ती सांगायला जड जातं.

आधी हसण्यासारखी. माझं माहेर हैदराबादेत, काचीगुड्याला. शहराबाहेर मांडवांवर चढवलेल्या अनाब-ए-शाही द्राक्षांच्या बागा बघत आम्ही वाढलो. टपोरे, पिवळसर हिरवे, रसाने तट्ट फुगलेले घड! तेव्हा द्राक्षातलं आपल्याला कळतं, ही माझी घमेंड. तुलूझला नोकरीला असलेल्या भाच्याबरोबर सप्टेंबरअखेर मी बोर्दोहून रेल्वेने सेंत-एमिलियोंला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेली, पण कमरेएवढ्याच. मांडव नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत, जमीन खडकाळ.

"यांचं यंदा पीक बुडालं वाटतं," मी म्हणाले. भाच्याने ते बागेतल्या बाईंना इमानेइतबारे फ्रेंचमध्ये सांगितलं.

बाई हसल्या आणि त्यांनी मेर्लोचा एक घड हातावर ठेवला. मणी वाटाण्याएवढे, काळेभोर, साल जाड, आत बिया. चवीला मात्र गोड. मग त्यांनी समजावलं: वाइनला रंग येतो सालीतून, तुरटपणा साल आणि बियांतून. मणी पाण्याने फुगला तर सगळंच पातळ होतं. वेलीला खोलवर मुळं धाडायला लागावीत, म्हणून तिचे लाड करायचे नाहीत. आमच्याकडे जे पीक बाजारात पडून राहिलं असतं, तेच इथलं सोनं.

एवढं ऐकूनही मी शहाणी झाले नाही. तळघरात चव घ्यायला बसलो तेव्हा सकाळपासून पोटात फक्त कॉफी होती. समोर थुंकायला भांडं ठेवलेलं. पण दिलेलं थुंकून टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान, असं वाटून मी प्रत्येक पेला रिकामा केला. शेवटी शेवटी तर "बर्फ मिळेल का?" असंही विचारलं. त्यानंतर एकाच खडकात कोरलेलं तिथलं प्रसिद्ध चर्च बघायचं होतं. वेरूळच्या कैलासाशी ताडून बघायचं असं घरूनच ठरवलं होतं. ते मी बाहेरच्या बाकावर डोकं धरून 'पाहिलं'.

दुसरी चूक आदल्या दिवशीची. गारोन नदी बोर्दोत चंद्रकोरीसारखी वळते आणि त्या वळणावर 18व्या शतकातला प्लास द ला बूर्स हा देखणा चौक आहे. 2007 साली बंदराचा हा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत गेला. इमारतींच्या कमानींवर दगडी चेहरे कोरलेत. त्यांतला एक आफ्रिकी बाईचा. "काय सुरेख कोरलंय!" म्हणत मी फोटो काढला आणि पुढे निघाले. भाचा आकितेन संग्रहालयात चल म्हणत होता. पाय दुखतात म्हणून मीच नको म्हटलं.

परत आल्यावर वाचलं ते असं. या बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठी सुमारे पाचशे सफरी निघाल्या आणि सव्वा ते दीड लाख आफ्रिकी माणसं कॅरिबियन बेटांवर नेली गेली. तिथे त्यांनी पिकवलेली साखर, कॉफी आणि नीळ बोर्दोत उतरायची. इथून वाइन आणि पीठ त्या बेटांना जायचं. चौकाची ती श्रीमंती याच व्यापारावर पोसलेली. संग्रहालयाने 2009 पासून यावर कायमची दालनं मांडली आहेत. 2019 साली नदीकाठी मोदेस्त तेस्तासचा पुतळा बसवला. बोर्दोच्या व्यापारी भावांनी विकत घेऊन आजच्या हैतीत नेलेली ही आफ्रिकी स्त्री. मी त्या पुतळ्यासमोरून चालत गेले होते!

याहून वाईट म्हणजे, मी हैदराबादची. निजामाच्या आफ्रिकी घोडदळाची वस्ती म्हणून मासाब टँकजवळच्या मोहल्ल्याला ए.सी. (आफ्रिकन कॅव्हलरी) गार्ड्स हे नाव पडलं. तिथे त्या सिद्दी शिपायांचे वंशज आजही राहतात. वरातीत वाजणाऱ्या त्यांच्या मर्फ्याच्या तालावर मी नाचले आहे. तो ताल वाजवणाऱ्यांचे पूर्वज कुठून, कसे आले, हे कधी कुणाला विचारलं नाही. वेलीकडे बघताना मला घर आठवलं, जिथे ते आठवून उपयोग नव्हता. त्या चेहऱ्यासमोर आठवायला हवं होतं, तिथे नाही आठवलं.

आता ओळखीचं कुणी बोर्दोला निघालं की सांगते: पोटात काही घालून वाइन चाखा, थुंकायला लाजू नका आणि संग्रहालय आधी बघा, चौक नंतर.